जहाज सापडत नाही तेव्हा

१८०६ सालचा नोव्हेंबर महिना. व्हर्जिनियात जमिनीच्या एका जुन्या दाव्यात मेरी ग्रीनली या बाईंची जबानी चालू होती. प्रश्न आला, आपलं वय काय? बाई म्हणाल्या, या महिन्याच्या सतरा तारखेला पंच्याण्णव. आणि लगेच उलट विचारलं, वय कशाला विचारता, मला म्हातारचळ लागलाय असं वाटतंय का तुम्हाला?

विचारणाऱ्याच्या मनात तेच असणार. दावा होता सत्तर वर्षांपूर्वी तोंडी झालेल्या वायद्यांचा. ते वायदे झाले त्या रात्री या बाई तिथे हजर होत्या, आणि त्यांना सगळं आठवत होतं. मुक्काम कुठे पडला, कोण आलं, काय बोललं, दिवा लावून कोणी कोणते कागद दाखवले, सगळं. आज त्या कुटुंबाचा माग काढणाऱ्याला जहाजाची कुठलीही यादी देणार नाही इतकी माहिती या एका जबानीत मिळते.

आणि माझ्या मते या शोधात पहिली गोष्ट शिकायची ती हीच. अमेरिकेत वंशावळ शोधायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘आमचे पूर्वज कोणत्या जहाजाने आले?’ स्कॉट्स-आयरिश कुटुंबांच्या बाबतीत हा प्रश्न सोडून दिला तरच काम पुढे सरकतं.

हे लोक कोण

स्कॉट्स-आयरिश म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून अमेरिकेत गेलेले, मुळात बहुतेक स्कॉटलंडचे लोक. १६०७ मध्ये अल्स्टरचे गेलिक सरदार देश सोडून निघून गेले. राजा पहिल्या जेम्सने त्यांच्या जमिनी खालसा केल्या आणि १६०९-१० पासून तिथे स्कॉटलंडच्या सखल भागातली आणि इंग्लंडमधली माणसं वसवायला सुरुवात केली. अँट्रिम आणि डाउन या समुद्राकाठच्या दोन काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) तर खाजगी वसाहत त्याआधीच सुरू झाली होती. स्कॉटलंडहून आलेले हे लोक पंथाने प्रेस्बिटेरियन, बिशप न मानणारे प्रॉटेस्टंट. म्हणजे आयर्लंडच्या कॅथलिक जनतेला ते परके, आणि सरकारमान्य अँग्लिकन चर्चलाही नकोसे.

१७०४ च्या कायद्याने सरकारी पदावर बसायचं तर अँग्लिकन पद्धतीने प्रभुभोजन घेणं सक्तीचं झालं. प्रेस्बिटेरियन पाद्र्याने लावलेलं लग्न कायद्याने खरं मानायचं की नाही, यावरही वाद घातला जाई. पण लोक उठून समुद्रापार गेले ते केवळ धर्मासाठी नव्हे. ते जमिनीचे मालक नव्हते, पट्ट्याने घेतलेल्या जमिनी कसत होते. पट्टा बहुधा ३१ वर्षांचा. तो संपला की जमीनदार खंड वाढवणार, आणि जास्त बोली लावणाऱ्याला जमीन देणार. त्यात दुष्काळ आणि लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या धंद्यातली मंदी. मराठीत कूळ म्हणजे वंशही, आणि खंडाने जमीन कसणाराही. या लोकांचा इतिहास दोन्ही अर्थांनी कुळाचा आहे.

१७१८ पासून १७७५ पर्यंत ते लाटालाटांनी गेले. पहिली मोठी लाट बोस्टनकडे वळली. मार्च १७१८ मध्ये अल्स्टरमधल्या ३१९ माणसांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर सॅम्युअल शूट यांच्या नावे एक अर्ज लिहिला, की आम्हाला यायचंय, सोय होईल का. खाली सह्या. अर्ज घेऊन विल्यम बॉइड नावाचे पाद्री गेले आणि त्याच उन्हाळ्यात जहाजं बोस्टनला लागली. निघण्याआधीच सह्या करून ठेवणारे पूर्वज लाभायला मात्र नशीब लागतं. बोस्टनच्या कर्मठ मंडळींनी या पाहुण्यांचं स्वागत काही आनंदाने केलं नाही. त्यामुळे पुढच्या लाटा डेलावेअर नदीतून न्यूकॅसल आणि फिलाडेल्फियाकडे गेल्या.

यादी का नाही

कारण अगदी साधं आहे. अल्स्टरचा माणूस ब्रिटिश राजाचा प्रजाजन, आणि पेनसिल्व्हेनियाही ब्रिटिश राजाचंच. एका घरातून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्याचं नाव कोण टिपणार? त्याच बंदरात उतरणाऱ्या जर्मन लोकांना १७२७ पासून राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, म्हणून त्यांच्या जहाजवार याद्या आजही आहेत. त्यांच्या शेजारच्या धक्क्यावर उतरलेल्या अल्स्टरच्या माणसाची कसलीच नोंद नाही. अमेरिकेत येणाऱ्या सगळ्या प्रवाशांच्या याद्या ठेवण्याचा कायदा झाला १८१९ मध्ये आणि लागू झाला १८२० पासून. तोवर पहिल्या लाटेतल्या लोकांची नातवंडं म्हातारी झाली होती.

जहाजांची ये-जा कशी चाले, हे मात्र कळतं. फिलाडेल्फियाहून जवसाचं बी भरून जहाजं हिवाळ्यात अल्स्टरला येत, कारण लिननच्या धंद्याला दरवर्षी नवं बी लागे. परतीच्या वाटेवर तळघर रिकामं जाण्यापेक्षा त्यात माणसं भरली जात. बेलफास्टचं ‘न्यूज-लेटर’ हे वर्तमानपत्र १७३७ मध्ये सुरू झालं, त्यात अशा जहाजांच्या जाहिराती आहेत. जहाज कधी सुटणार, कप्तान कोण, कुठे चौकशी करायची. प्रवाशांची नावं अर्थातच नाहीत.

मग कागद कुठे शोधायचा? जिथे कुणाचा तरी पैसा किंवा जमीन अडकली आहे तिथे. सरकारला कर हवा असतो, माणसाला जमीन हवी असते, सावकाराला वसुली, विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीतला वाटा. त्या त्या वेळी कुणीतरी कारकून दौतीत टाक बुडवतो. या लोकांना ना वंशावळ सांगणारा हेळवी होता, ना वही ठेवणारा तीर्थोपाध्याय. त्यांचा इतिहास त्यांच्या भांडणांनी आणि कर्जांनी लिहून ठेवला आहे.

उलटं चालायचं

शोध नेहमी अलीकडून पलीकडे जातो. मेरी ग्रीनलीबाईंचं माहेर मॅकडॉवेल. तेच कुटुंब घेऊ, म्हणजे रीत कळेल.

अलीकडचं टोक केंटकीत. १८०९ च्या नाताळात डॅनव्हिल या आडगावी डॉक्टर इफ्राइम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंच्या पोटातून साडेबावीस पौंडांची गाठ काढली. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. बाई जगल्या, आणि अंडाशयाची यशस्वी शस्त्रक्रिया करणारा पहिला माणूस म्हणून डॉक्टरांचं नाव वैद्यकाच्या इतिहासात गेलं. चरित्रकोशात त्यांचा जन्म असा दिलेला असतो: १७७१, रॉकब्रिज काउंटी, व्हर्जिनिया.

इथे थांबा. रॉकब्रिज काउंटीचा कारभार सुरू झाला १७७८ मध्ये. १७७१ साली ती काउंटी अस्तित्वातच नव्हती. जो माणूस रॉकब्रिजच्या दप्तरात १७७१ चा कागद शोधत बसेल, त्याला काही मिळणार नाही आणि तो म्हणेल, ‘नोंदी जळाल्या असतील.’ त्या कुटुंबाची जमीन तेव्हा ऑगस्टा काउंटीत होती. त्याच्या मागे गेलात तर ऑगस्टा १७३८ च्या कायद्याने ठरली, पण तिचं कोर्ट भरायला लागलं १७४५ मध्ये. मधली सात वर्षं सगळं कामकाज ऑरेंज काउंटीत, डोंगराच्या पलीकडे. म्हणजे कुटुंब एकाच शेतावर, त्याच झऱ्याचं पाणी पीत बसलेलं, आणि कागद तीन ठिकाणी. बखरी वाचण्याआधी नकाशा काढावा, आणि नकाशा त्या त्या सालचा असावा. नवशिक्यांचे निम्मे घोटाळे इथेच होतात असं मला वाटतं.

डॉक्टरांचे वडील सॅम्युअल मॅकडॉवेल. १७८४ च्या सुमारास ते व्हर्जिनियातून केंटकीत गेले, आणि १७९२ मध्ये केंटकीची राज्यघटना ठरवणाऱ्या सभेचे अध्यक्ष होते. अशा सार्वजनिक माणसाचे कागद मिळतात. खरी गंमत त्यांच्या वडिलांपासून सुरू होते, म्हणजे जॉन मॅकडॉवेलपासून, मेरीबाईंच्या भावापासून.

ऑरेंज काउंटीच्या कोर्टाच्या वहीत २८ फेब्रुवारी १७३९ या तारखेची एक नोंद आहे. जॉन मॅकडॉवेलने शपथेवर सांगितलं की आपण स्वतः, बायको मॅग्डलीन, मुलगा सॅम्युअल आणि नोकर जॉन रटर, अशा चौघांना १७३७ साली स्वखर्चाने ग्रेट ब्रिटनहून या वसाहतीत राहायला आणलं, आणि जमीन मिळवण्यासाठी हा हक्क आपण पहिल्यांदाच शाबीत करत आहोत.

तीन ओळींची नोंद. पण ती नीट वाचायला आधी तीन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, ही शपथ कशासाठी? व्हर्जिनियात जो माणूस स्वखर्चाने वसाहतीत माणसं आणेल त्याला माणशी ५० एकर जमिनीचा हक्क मिळे. चार माणसं, दोनशे एकर. नोकराच्या डोक्याचे पन्नास एकरसुद्धा मालकाच्या खात्यात.

दुसरी, तारीख. १७५२ पर्यंत इंग्लंडात आणि त्याच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून वहीतला फेब्रुवारी १७३९ हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७४०. हे विसरलं की बाप वारल्यावर दहा महिन्यांनी त्याने मृत्युपत्र केलं, अशा वंशावळी तयार होतात, आणि तशा कितीतरी फिरत आहेत. १७५२ मध्ये तर २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला.

तिसरी गोष्ट जास्त खोचक. मुलगा सॅम्युअल १७३५ मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मला. मग दोन वर्षांनी त्याला ‘ग्रेट ब्रिटनहून’ कसं आणलं? आणलं नव्हतंच. कुटुंब आधी काही वर्षं पेनसिल्व्हेनियात राहून मग दक्षिणेला आलं. पण कारकुनाला पेनसिल्व्हेनियातल्या मुक्कामाशी कर्तव्य नव्हतं, जॉनला तो सांगायची गरज नव्हती, आणि अल्स्टरचं नाव तर कुठेच नाही. कागद खोटा आहे असं नाही. ज्या कामासाठी केला तेवढंच तो बोलतो. शेजाऱ्यांच्या शपथा मात्र जरा मोकळ्या आहेत. त्याच वहीत २२ मे १७४० रोजी अलेक्झांडर ब्रेकिनरिज आपल्या कुटुंबाची नावं घेऊन सांगतो की आम्ही आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून या वसाहतीत आलो. असं एक वाक्य हाती लागलं की वर्षभराची मेहनत भरून पावते. या ब्रेकिनरिजच्या वंशात पुढे अमेरिकेचा एक उपाध्यक्ष झाला.

दिवा लावून दाखवलेले कागद

आता पुन्हा मेरीबाईंकडे. १७३७ च्या पानगळीत त्या, त्यांचे यजमान जेम्स ग्रीनली, वडील इफ्राइम मॅकडॉवेल (डॉक्टरांचे पणजोबा, तेव्हाच खूप म्हातारे) आणि भाऊ जॉन, असे सगळे शेनन्डोआ खोऱ्यात वस्ती करायला निघाले होते. दुसरा भाऊ जेम्स त्याच वर्षी वसंतात पुढे येऊन मक्याचं पीक घेऊन गेला होता. ही या लोकांची नेहमीची रीत. आधी एकाने जाऊन पेरायचं, मग बाकीच्यांनी निघायचं. म्हणूनच ‘कुटुंब अमुक साली आलं’ असं एकच साल सांगता येत नाही.

संध्याकाळी मुक्काम पडत होता, तेव्हा बेंजामिन बोर्डन नावाचा माणूस आला आणि रात्रीपुरता आसरा मागू लागला. बोलता बोलता म्हणाला, जेम्स नदीच्या पाणलोटात एक लाख एकरांचं दानपत्र माझ्याकडे आहे, पण ती जमीन कुठे आहे ते सापडत नाही. जो दाखवील त्याला हजार एकर देईन. जॉन मॅकडॉवेल म्हणाला, मी दाखवतो. मग दिवा लावला गेला, बोर्डनने कागद काढून दाखवले, आणि सौदा ठरला. पुढे नोव्हेंबर १७३९ मध्ये बोर्डनला पक्का पट्टा मिळाला तो ९२,१०० एकरांचा.

सरकारची अट अशी की जितकी कुटुंबं वसतील त्या प्रमाणात जमीन. म्हणून बोर्डनने जाहीर केलं की जो लाकडी खोपटं उभारील त्याला शंभर एकर, आणि आणखी हवी असेल तर स्वस्तात विकत. लोकांनी भराभर खोपटी उठवली. शेजारच्या बेल नावाच्या माणसाची मिलहॉलन आडनावाची एक मोलकरीण होती. करारावर बांधलेली, म्हणजे प्रवासाचं भाडं फिटेपर्यंत ठरलेली वर्षं राबणारी. ती पुरुषी कपडे घालून फिरली आणि पाच-सहा खोपट्यांवर हक्क सांगून आली. पुढे जॉन पॅटरसन खोपटी मोजायला निघाला तर जिकडे तिकडे मिलहॉलन, आणि माणसं शोधावी तर एकही सापडेना. लबाडी उघडी पडली तेव्हा लोक खूप हसले, असं मेरीबाईंनी सांगितलं आहे.

जबानी रसाळ आहे, पण सावधपणे वाचायची. बाईंचं माहेर या जमिनींशी जोडलेलं होतं, घटना सत्तर वर्षं जुन्या होत्या, आणि प्रश्न वकिलांनी आपल्या सोयीचे विचारले होते. तरी तिची तपासणी करता येते. ऑरेंजच्या वहीतली शपथ १७३७ सालच सांगते. १७४२ च्या सुमाराच्या शिबंदीच्या याद्या आहेत, एकूण बारा तुकड्यांच्या, त्यात कॅप्टन जॉन मॅकडॉवेलची तुकडी आहे आणि नावं त्याच शेजाऱ्यांची. वेगवेगळ्या कारणांनी झालेले तीन कागद एकमेकांना न विचारता तेच सांगू लागले की विश्वास ठेवायला हरकत नाही.

या भागात काम करणाऱ्यांना लायमन चॉकली यांचे १९१२ मध्ये छापलेले तीन खंड चुकवता येत नाहीत. ऑगस्टाच्या कोर्टातल्या हजारो नोंदींचा गोषवारा त्यात आहे. पण तो गोषवारा आहे, आणि त्यात चुका आहेत. खंड वाटाड्या म्हणून वापरावेत, आणि शेवटी मूळ पानाचा फोटो डोळ्यांनी पाहावा.

बाईचं नाव, शेजाऱ्याचं नाव

जॉन मॅकडॉवेलची बायको मॅग्डलीन वुड्स. डिसेंबर १७४२ मध्ये दक्षिणेकडे चाललेल्या इरक्वा या मूळ अमेरिकी लोकांच्या योद्ध्यांशी शिबंदीची चकमक झाली, तीत जॉन मारला गेला. मॅग्डलीनने पुढे बोर्डनच्या मुलाशी, धाकट्या बेंजामिनशी लग्न केलं. तो १७५३ मध्ये वारला. मग तिने जॉन बोयरशी लग्न केलं. वहीत एकदा मिसेस मॅकडॉवेल, एकदा मिसेस बोर्डन, एकदा मिसेस बोयर, बाई एकच. एका आडनावावर नजर ठेवून बसलेल्याला ती १७४३ नंतर नाहीशी झालेली वाटते. आणि जमीन शोधून देणाऱ्याची विधवा जमीन देणाऱ्याच्या सुनेच्या जागी बसली, हे कळल्याशिवाय पुढचे दावे समजतच नाहीत.

बायका सापडतात त्या खरेदीखतांत. नवऱ्याने जमीन विकली तर बायकोचा तिच्यावरचा वैधव्यातला हक्क सुटलेला असावा लागे. म्हणून तिला एकटीला बाजूला घेऊन विचारत, राजीखुशीने सोडतेस ना? ही चौकशी वहीत लिहिली जाई, आणि अनेक बायकांचं पाळण्यातलं नाव फक्त तिथेच उरलं आहे. खरेदीखत पुष्कळदा दोन कागदांचं असे. आदल्या दिवशी पाच शिलिंगांना वर्षभराचा पट्टा, दुसऱ्या दिवशी पूर्ण किमतीला मालकी. पहिला कागद वाचून ‘आजोबांनी चारशे एकर पाच शिलिंगांत विकली’ अशी कथा घरोघर सांगितली जाते.

जमिनीच्या चतुःसीमा पाहा. पांढऱ्या ओकच्या झाडापासून अमक्याच्या बांधापर्यंत, मग ओढ्याच्या कडेने. ते अमके म्हणजे मेहुणा, व्याही, जुन्या गावचा शेजारी. मोजणीदाराची साखळी धरणारी माणसं बहुधा घरचीच असत. मृत्युपत्रावरचे साक्षीदार, जामीन राहिलेला, इस्टेटीतली भांडी लिलावात घेणारा, ही सगळी नावं उतरवून ठेवायची. कारण हे लोक एकटे हलत नसत. जॉन स्मिथ नावाचे सात जण असतील, पण ज्याच्या शेजारी पेनसिल्व्हेनियातही आणि व्हर्जिनियातही तीच चार घरं आहेत, तो आपला.

शब्दांचेही सापळे आहेत. वहीत ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हटलं की ते बापलेकच असतात असं नाही. एका गावात त्याच नावाचे दोघं असले, चुलता-पुतण्या किंवा अगदी परकेही, तरी असं लिहीत. ‘अनाथ’ म्हणजे बाप वारलेला; आई जिवंत आणि खुटखुटीत असायची. स्पेलिंगवर तर रुसूच नये. कारकून कानावर पडेल तसं लिही, आणि अल्स्टरचा उच्चार इंग्रज कानाला कसा लागत असेल ते देव जाणे. बोर्डनचंच बर्डन झालेलं आहे. आणि ‘तीन भाऊ जहाजातून उतरले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, एक पश्चिमेला’ ही कथा ऐकलीत की चहा घ्या आणि पान उलटा.

त्याच्या मागे पेनसिल्व्हेनिया

व्हर्जिनियाच्या आधीचा मुक्काम बहुधा सस्क्वेहॅना नदीकाठी. १७२० च्या दशकात तिथे डोनेगल नावाची टाउनशिप झाली. नाव अल्स्टरच्याच काउंटीचं. १७२९ मध्ये लँकेस्टर काउंटी वेगळी होईपर्यंत हा भाग चेस्टर काउंटीत, म्हणून सुरुवातीच्या करयाद्या चेस्टरच्या दप्तरात बघायच्या. करयादीत नाव पहिल्यांदा कधी आलं आणि शेवटचं कधी, या दोन सालांमधून माणसाचा मुक्काम ठरतो. नाव गळालं त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हर्जिनिया किंवा कॅरोलायनात शोधायचं.

जमिनीच्या कागदांना तिथे तीन पायऱ्या होत्या: अर्जावर हुकूम, मग मोजणी, मग पक्की सनद. अल्स्टरचे लोक बरेचदा पहिल्या पायरीच्याही आधी शेत नांगरून बसलेले. वसाहतीचे सचिव जेम्स लोगन स्वतः अल्स्टरच्या लर्गनचे, पण पंथाने क्वेकर, म्हणजे शांततावादी प्रॉटेस्टंट. त्यांनीच या लोकांना सीमेवर ढाल म्हणून बसवलं, आणि १७३० च्या सुमारास तेच लिहीत होते की उत्तर आयर्लंडची पाच कुटुंबं इतर पन्नास कुटुंबांपेक्षा जास्त डोकेदुखी देतात. मालकांनी राखून ठेवलेली जमीन बळकावल्यावर यांचं म्हणणं असं, की इतके ख्रिस्ती लोक कसायला जमीन मागत असताना एवढी पडीक ठेवणं देवाच्या आणि निसर्गाच्या कायद्याविरुद्ध आहे. त्या ‘पडीक’ जमिनीवर ज्यांचं आधी जगणं होतं त्यांचा विचार या युक्तिवादात नाही. शेनन्डोआ खोऱ्यावरच्या हक्काबद्दल इरक्वांशी करार झाला तो १७४४ मध्ये लँकेस्टरला, म्हणजे मॅकडॉवेल मंडळी तिथे सात वर्षं राहिल्यावर.

लँकेस्टरहून दक्षिणेला जो रस्ता जाई तो ग्रेट वॅगन रोड. यॉर्क, विंचेस्टर, स्टाँटन, मग रोनोक नदी ओलांडून उत्तर कॅरोलायनात सॅल्सबरी, शार्लट आणि सीमेवरचं वॅक्सहॉ. एका पिढीचा मुक्काम लँकेस्टरला, दुसरीचा ऑगस्टात, तिसरीचा कॅरोलायनात किंवा केंटकीत, असं बहुतेक घरांचं गणित. दक्षिण कॅरोलायनात मात्र एक अपवाद हाती लागतो. तिथल्या सरकारने १७६० च्या दशकात प्रॉटेस्टंट वसाहतवाल्यांना जमीन आणि मदत देऊ केली, म्हणून कौन्सिलच्या वहीत जहाजाचं नाव आणि माणसांची नावं, काही वेळा वयंही, एकत्र मिळतात. पैसा द्यायचा होता ना, म्हणून यादी झाली!

चर्चच्या नोंदी कमी, पण सोन्यासारख्या. अँट्रिममध्ये जन्मलेले जॉन क्रेग १७४० मध्ये ऑगस्टात पाद्री म्हणून आले आणि १७४९ पर्यंतच्या बाप्तिस्म्यांची वही ठेवली. ८८० हून अधिक मुलं त्यात आहेत. जन्मनोंद नावाची गोष्टच नसलेल्या सरहद्दीवर ही वही म्हणजे केवढा आधार! आणि पूर्वज क्रांतियुद्धात लढला असेल, १८३२ पर्यंत जगला असेल, तर त्याचा पेन्शनचा अर्ज पाहाच. त्या सालच्या कायद्याने प्रत्येकाला विचारलं होतं: जन्म कुठे आणि कधी, भरती झालात तेव्हा कुठे राहत होता, नंतर कुठे कुठे राहिलात. म्हातारा शपथेवर स्वतःच्या तोंडाने आपला प्रवास सांगतो.

समुद्रापलीकडे

अमेरिकेतलं काम पुरं झाल्याशिवाय आयर्लंडला उडी मारू नये. तिथे साठ हजारांवर टाउनलँड आहेत, म्हणजे गावापेक्षाही लहान, नावाच्या वाड्या. ‘काउंटी अँट्रिम’ एवढ्यावर काही हाती लागत नाही. त्यात १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दप्तरखाना जळून गेला. मृत्युपत्रं, जुन्या जनगणना, अँग्लिकन चर्चच्या कितीतरी वह्या, सगळं गेलं. प्रेस्बिटेरियन वह्या अठराव्या शतकात मुळातच तुरळक.

तरी राखेबाहेर काही आहे. १६३० च्या सुमाराच्या हत्यारबंद माणसांच्या याद्या, १६६० च्या दशकातली चुलीवरच्या कराची खाती, १७०८ पासूनचं डब्लिनचं दस्तनोंदणी कार्यालय, १७४० ची प्रॉटेस्टंट कुटुंबप्रमुखांची यादी, बेलफास्टच्या अभिलेखागारातली जमीनदारांची खंडाची खाती. शेवटची मला सर्वांत कामाची वाटतात. इथल्या वहीत एखाद्या पट्ट्यासमोरचं नाव खोडून नवं घातलेलं दिसलं, आणि त्याच सुमारास तेच नाव, शेजारच्या दोन घरांसकट, डोनेगलच्या करयादीत उगवलं, तर जहाजाचं नाव न कळताही समुद्र ओलांडून झाला.

जॉन मॅकडॉवेलला रॉकब्रिजमधल्या फेअरफील्डजवळ कुटुंबाच्या दफनभूमीत पुरलं. ओबडधोबड दगडावर, लिहायची फारशी सवय नसलेल्या हाताने, ‘येथे जॉन मॅक डॉवेलचा देह आहे’ असं कोरलं आहे. आडनावाचे दोन तुकडे झालेत, आणि साल घातलंय १७४३. चकमक झाली १७४२ मध्ये. तिचं वर्तमान शिबंदीचा प्रमुख जेम्स पॅटन याने त्याच डिसेंबरात गव्हर्नरला पत्राने कळवलं होतं. महिना मात्र दगडावर बरोबर आहे. फक्त डिसेंबरमधला शेवटचा ‘र’ कोरायचा राहिला.